रुखवतात फ्रेम केलेलं माझं जपानी मासिक

परवा देवणीला एका लग्नात माझं मासिक मला भेटलं... काचेच्या फ्रेममध्ये. खाली कार्ड, 'वधूचे हस्तकाम'. नावं बदलून लिहितेय, उगाच कमेंटमध्ये कोण कोण म्हणून विचारू नका.

माहीत नसलेल्यांना सांगते, मला भरतकामाच्या मासिकांचं वेड आहे. कुणी परदेशी निघालं की मी चॉकलेट मागत नाही, तिकडचं एखादं मासिक आण म्हणते. रशियन मासिकात फुलीटाक्याचे असे तक्ते असतात की भाषेचं अक्षर कळत नसलं तरी चौकटी मोजत अख्खा पडदा भरून होतो. फ्रेंचमध्ये पांढऱ्यावर पांढरं काम... बघायच्या आधी हात धुवावेसे वाटतात.

पण सगळ्यात लाडकं जपानी. सुई कुठून वर घ्यायची, कुठून खाली, एकेक टाका बाण काढून दाखवलेला. भाच्यानं तिकडून आणलेला एक अंक मी लातूरला आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुवर्णाताईंना दिला होता, त्यांच्या लेकीच्या, शिवलीलाच्या रुखवतासाठी. बजावून दिला होता... छापा उतरवून घ्या आणि अंक परत द्या.

परत कुठला येतोय! विचारलं की एकच उत्तर, देते ना, शिवलीला अजून भरायलीय. लग्नघर आहे म्हणून मी तगादा सोडला.

लग्न खरं तर लातूरलाच व्हायचं. पण कार्यालयवाल्यानं सांगितलं, पाण्याचा टँकर तुमचा तुम्ही आणा. म्हणून मुलाकडच्यांच्या गावी, देवणीला केलं, त्यांचा बोअर अजून चालू होता.

मांडवात बाप्ये मंडळी उदगीर जिल्हा कधी होणार यावर तावातावानं बोलत बसलेली. नळाला महिना महिना पाणी नाही आणि यांना नवा जिल्हा पाहिजे... घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. माझं डोकं तिथंच तापलं. म्हटलं चला, रुखवत तरी बघू.

तीन फ्रेम होत्या. तिन्हीत माझ्या अंकातली पानं, कात्रीनं कापलेली... जपानी अक्षरं झाकायला कडेनं सोनेरी लेस चिकटवलेली. बाया काचेला नाक लावून म्हणत होत्या, लई बारीक काम हाय, कुठं एक धागा उसवलेला न्हाई. कसा उसवेल? फोटो आहे तो! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तशीच नवरीच्या खोलीत गेले. आज काय ते तोंडावर सांगायचंच, असं ठरवून. शिवलीला एकटी होती, मेकअपवाली जेवायला गेलेली. माझा अवतार बघून तिला कळलंच असणार... मी काही बोलायच्या आत तिनं पिशवीतून एक कापड काढून माझ्यापुढे धरलं.

त्यावर निळा छापा होता, माझ्याच अंकातला नमुना, अगदी सुबक उतरवलेला. दोन फुलं छान भरलेली. तिसऱ्याचं रेशीम पार पिंजून गेलेलं, आणि पुढं सगळं कोरं.

मग तिनं तळहात उघडले. मेंदीच्या खाली घट्टे... बोटांची कातडी चिरलेली, टोकं खरबरीत.

"सकाळी टँकरची लाईन, दुपारी बोअरची. नंतर सुई धरली की रेशीम बोटालाच अडकून राहायलंय, काकू. लई करून बघितलं."

ज्यांनी कधी रेशमानं भरलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. खरखरीत बोटाला तो धागा अडकतो आणि तुटतो. घरात आईचे गुडघे गेलेले, वडील दुकानात... घागरी सगळ्या हिच्याच वाट्याच्या.

पानं आईनं कापली होती, तिनंच सांगितलं. सोयरिकीच्या वेळी मुलगी भरतकाम करते असं सांगून ठेवलेलं, आणि मुलाच्या आत्यानं निरोप पाठवलेला की रुखवत विकतचं नको, पोरीच्या हातचंच पाहिजे. अशा दुष्काळात! माझा राग गेला नाही हो... उलट वाढला.

बाहेर आले तर त्याच आत्याबाई एक फ्रेम उलटी करून मागचे खिळे चाचपत होत्या. काम हाताला लागल्याशिवाय कळत नाही, काच काढा म्हणे. सुवर्णाताईंचा चेहरा पांढराफटक पडलेला.

आणि आत्याबाईंनी मलाच गाठलं, माझं वेड त्यांना कुणीतरी सांगितलेलं. तुम्ही यातल्या जाणकार, तुम्हीच सांगा, हे खरंच हिचं काम आहे का? सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी एक शब्द बोलले असते तर ती पोरगी सासरचा उंबरा ओलांडायच्या आधीच खोटारडी ठरली असती... आणि तो शब्द माझ्या जिभेवर होताही.

मी त्यांच्या हातातून फ्रेम काढून घेतली. "तिचं काम मी डोळ्यांनी बघून आलेय आत्ता. काच काढू नका, रेशमाला घामाचा हात लागला की डाग पडतो."

आवाज जरा चढाच लागला. आत्याबाई काहीतरी पुटपुटत जेवायच्या पंगतीकडे गेल्या.

निघताना शिवलीलाला बाजूला घेतलं. म्हटलं, "पाऊस पडेल, हात बरे होतील. मग ही फुलं पुरी कर, फ्रेममध्ये घाल आणि आतला कागद मला पाठवून दे. माझा आहे तो." ती रडता रडता हसली.

सुवर्णाताईंशी मी अजून बोलत नाही. घरचे म्हणतात, जाऊ दे, मासिक काय दुसरं मिळेल. मिळेल की... पण त्या पोरीनं अख्खा उन्हाळा घराला पाणी पाजलं, तेही तिच्या हातचंच काम, पण ते कुणाला बघायचंच नव्हतं. मला राग येतो तो याचा.