त्रेचाळिसावं पान

नमुन्याच्या कापसाची पुडी हातात आली की अकोल्याचे सारे पारखी आधी धागा ओढून बघत. आमचे बुवा आधी कागद वाचत. कापूस मांडीवर सांडलेला, समोर गाडीवाला ताटकळलेला, आणि हे आपले पुडीचा कागद गुडघ्यावर सपाट करून, एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचताहेत. वाचून झालं की मगच धागा ओढायचे. सारा बाजार त्यांना पुडीबुवा म्हणायचा, आणि त्यांना त्याचा रागही येत नसे.

तेव्हा सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. नमुन्याच्या पुड्या बांधायला कागद पुरेना, म्हणून आमचे शेटजी मुंबईहून रद्दीचे गठ्ठे मागवत. न खपलेली बुकं, फाटक्या पोथ्या, सुटी पानं, असलं काहीबाही. अर्धे गठ्ठे अकोल्याला राहायचे, अर्धे अमरावतीच्या दुकानात जायचे. मी पुड्यांवर गावांची नावं घालायचो. बुवांना चाळिशीत अक्षरओळख करून दिली ती मीच. नसती उठाठेव!

पण त्या एका वर्षात आम्ही दोघांनी जे वाचलं, ते पुढच्या साऱ्या आयुष्यात वाचलं नाही. दोन घरांएवढ्या माशाचं एक पान. घोड्याच्या खुरात किडे झाले तर काय करावं, त्याचं एक. दोन भाऊ भिंतीवरून कोर्टात गेले, त्याच्या निकालाचं मधलंच पान. कोण जिंकलं देव जाणे. एका पाद्र्यानं आम्हा सगळ्यांना नरकात धाडलेलं पान वाचून बुवा खो खो हसले होते. "बाप्पा, हा कावून एवढा तापून राहिला? आपून याचं काय घोडं मारलं?"

मला त्या अर्धवटपणाचा वैताग यायचा. धड शेंडा नाही, बुडखा नाही. बुवांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. ते म्हणायचे, "पंत, पुढचं पान असतेच कुठी तरी. छापणाऱ्यानं छापलं ना? मंग जाईन कुठी?"

पानं ते घरी न्यायचे आणि रखमावहिनींना वाचून दाखवायचे. एका पानात एक राजकन्या विहिरीच्या पायऱ्या उतरत होती आणि सातव्या पायरीवर पान संपलं होतं. मी आपला हळहळत बसलो, तर वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "उतरू द्या तिले खाली. तहान लागली असन. पाणी पिऊन वर येईन." झालं! गोष्ट संपली. लेकरूबाळ नव्हतं त्या घरात, पण इतकं हसणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

दिवाळीनंतर वहिनींना खोकला लागला. गावातल्या वैद्यानं काढे दिले, पथ्यं सांगितली, आंबट तर पार बंद करायला लावलं. उतार काही पडेना. अशातच मार्गशीर्षात एके दिवशी बुवांच्या हाती एका वैद्यकाच्या बुकाचं पान आलं. बेचाळीस आकड्याचं. एकदा वाचून त्यांनी ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. रोज तिन्हीसांजेला बारीक ताप, कोरडा खोकला, गालांवर तांबूस झाक, अन्नावर वासना नाही. तंतोतंत वहिनी! शेवटची ओळ होती, 'या दुखण्यास'. आणि तेव्हाच्या छापील बुकांत तळाच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द द्यायची रीत होती, तसा तिथं एकच शब्द होता: 'उपाय'.

"पंत, हाये! उपाय हाये!" ते भर दुकानात ओरडले. एवढा मोठा माणूस, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मग शोध सुरू झाला. बुवांनी गठ्ठे उपसले, शेजारच्या दुकानांतल्या पुड्या सोडवल्या, हाता-पाया पडून. बाजारातले लोक फार भले. हसणारे हसले, पण आपापल्या पुड्या उलगडून दाखवल्याच त्यांनी. पंधरा दिवस हेच. मीही शोधत होतो.

आणि ते मलाच सापडलं. मूर्तिजापूरच्या नमुन्याची पुडी होती. बुवा वैद्याकडे गेले होते. मी आकडा पाहिला, त्रेचाळीस. पहिलीच ओळ अशी होती: 'उपाय नाहीं. रोग्यास जें आवडेल तें खावयास द्यावें, आणि घरच्या माणसांनीं त्याजपाशीं बसून असावें.' बस. त्याखाली लगेच नायट्याचं प्रकरण सुरू.

मी ते पान दुकानामागच्या चुलीत घातलं. माझं मलाच वाटलं, केवढी दया केली मी! बुवांची आशा तेवढी राहू दे, म्हटलं. कपाळ माझं!

बुवा परत आले. "पंत, सापडलं का काई?"

"नाई बुवा. नाई सापडलं."

त्यांनी बेचाळिसावं पान घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मंग थे अमरावतीले गेलं असन. उद्या निघतो मी." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाच्या रिकाम्या गाडीतून निघाले. त्या क्षणी तरी मी त्यांचा हात धरायला हवा होता. एकदा खोटं बोललेला माणूस कुठल्या तोंडानं खरं सांगणार?

वहिनींजवळ त्यांची बहीण होती. मी रोज चक्कर टाकायचो. वहिनी दाराकडे बघत पडलेल्या असत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, थे कुठी गेले?"

"औषध आणाले, वहिनी. अमरावतीले."

"औषध कायचं? इथंसा बसले असते तर बरं वाटलं असतं मले." मग म्हणाल्या, "बोरं खावीशी वाटून राहिली." बहीण म्हणाली, वैद्यानं आंबट मना केलं हाये. मी तिच्याशी भांडलो, शेतावरून धोतराच्या सोग्यात बोरं आणली आणि वहिनींच्या हातावर ठेवली. दोन खाल्ली त्यांनी. त्या पानावरचं तेवढंच माझ्या हातून झालं. जवळ बसायचा माणूस मात्र अमरावतीत दुकानादुकानांतून पुड्या सोडवत होता.

सहाव्या दिवशी दुपारी वहिनी गेल्या. बुवा आठव्या दिवशी आले, काखेत पानांचं गाठोडं. अंगणात बायका बसलेल्या पाहून त्यांना सगळं कळलं. गाठोडं खाली ठेवायचंही भान राहिलं नाही त्यांना. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पंत, दोन दुकानं राह्यली होती अजून."

पुढं ती लढाई संपली, भाव कोसळला, शेटजींनी दुकान बंद केलं. बुवा दुसरीकडे सरकी निवडायला बसू लागले. पण कुणाच्या हातात छापील कागद दिसला की तळाचा आकडा बघितल्याशिवाय राहत नसत. कितीदा तरी मनात आलं, सांगून टाकावं. पण आता सांगणार काय? उपाय नव्हता हे सांगायचं, तर तुम्ही तिच्यापाशी बसायला हवं होतं, हेही सांगावं लागलं असतं. आणि ते मी होऊ दिलं नाही, हेही.

ते शेवटचे आजारी पडले तेव्हा मी शेजारी होतो. ताप उतरलेला, शुद्ध चांगली. माझा हात धरून म्हणाले, "पंत, तुमी माह्यासाठी लई शोधलं. सख्खा भाऊ नाई करत एवढं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी विचारलं, "थ्या पानावर काय असन हो?"

मी म्हणालो, "औषधच असन, बुवा."

"मंग मीच कमी पडलो," बुवा म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.