कोपऱ्यातली आद्याक्षरं

एडना हॅडफील्डच्या कानात पडलेली गोष्ट तिच्याबरोबरच थडग्यात जाणार, असं ब्रॅकनशॉच्या त्या उतरत्या गल्लीत सगळे म्हणत. हे कौतुक की टोमणा, ते बोलणाऱ्याच्या भुवयांवरून ओळखायचं. कौन्सिलच्या कचेरीत तेहतीस वर्षं टायपिंग करून ती जूनअखेर निवृत्त झाली होती.

सप्टेंबरात कौन्सिलने अपंगांचं केंद्र बंद करावं का, यावर लोकांची मतं मागवली. गल्लीने पत्रं लिहिली. डिसेंबरात ते बंद करायचं ठरलं. एडनाची बहीण व्हेरा पोलिओमुळे लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत. तिला उचलून अलगद टबात उतरवणारं यंत्र सबंध गावात तिथेच होतं. तिथली दर गुरुवारची आंघोळ टिकावी म्हणून व्हेराने उच्च न्यायालयात याचिका केली, धावपळ एडनाची.

अशा दाव्यात सरकारी बाजूने आपली गैरसोयीची पानंही उघडी करायची असतात. कौन्सिलने चार कागद पाठवले, त्यात केंद्र बंद करावं असं सुचवणारा अहवाल. लोकांची मतं वाचूनच अहवाल नोव्हेंबरात लिहिला, असं उपसंचालक ट्रेव्हर व्हिटल यांचं शपथपत्रही सोबत होतं.

वकीलबाई मिस प्राइस मजकूर वाचत होत्या. एडना अहवालाच्या शेवटच्या पानाचा खालचा डावा कोपरा पाहत होती. कचेरीचा रिवाजच तसा: आधी मजकूर सांगणाऱ्याची आद्याक्षरं, तिरकी रेघ, मग टाईप करणारीची. तिथे होतं, टी.डब्ल्यू./ई.एच.

"टी.डब्ल्यू. म्हणजे व्हिटल, ई.एच. म्हणजे मी," ती म्हणाली. "नोव्हेंबरात मी घरी मटार सोलत होते."

"जुन्या कागदावरून राहून गेलं असेल, म्हणतील ते."

"दुसरीच्या कामावर आपलं नाव आमच्यातली एकही राहू देत नाही, बाई. चुका तिच्या आणि शिव्या आपण खायच्या? शिवाय पूर्णविरामापुढे दोन जागा सोडल्यात. नव्या मुली एकच सोडतात."

मिस प्राइसनी चष्मा काढला. "म्हणजे मतं मागवण्याआधीच निर्णय लिहून तयार होता. आणि निवृत्तीआधीच तो तुम्हाला ठाऊक होता?"

"टाईप मीच केलं, पण आठवत नाही," एडना म्हणाली. कानाला हेडफोन लावला की टेपवर सांगितलेले शब्द कानातून थेट बोटांत जात. मध्ये कुठे थांबत नसत. तिला खरोखरच आठवत नव्हतं. पण हे कुणाला पटणार?

"शपथपत्रात हेही लिहावं लागेल," मिस प्राइस म्हणाल्या. "उघडेपणाचं बंधन आपल्यालाही आहे."

शेजारच्या मिसेस टॅटरसॉल ऐकून हबकल्याच. "अगं, वेडी का खुळी? व्हिटलची भानगड सांग, तुझं नाव कशाला? गल्ली म्हणेल, ही तर त्यांचंच माणूस!"

शपथेआधी एडनाने व्हेराला सांगितलं. व्हेराने चहाचा कप बशीत ठेवला.

"आठवत नाही, की आठवायचं नाही?"

"आठवत नाही."

"माझी आंघोळ बंद होणार हे तू स्वतःच्या बोटांनी लिहिलंस, आणि आठवत नाही?"

 सोमवारी एडनाने शपथेवर सगळं सांगितलं: आद्याक्षरं, दोन जागा आणि ते न आठवणंही. मग कौन्सिलला मूळ फाइल काढावी लागली. अहवाल सतरा जूनचा निघाला. सुनावणीच्या आदल्या दिवशी कौन्सिलने निर्णय मागे घेतला. आता मतं नव्याने मागवणार होते.

केंद्र तूर्त वाचलं. पाववाल्याच्या रांगेत मात्र एडना आली की बोलणं तुटू लागलं. व्हेरा गुरुवारी आंघोळीला जाई, पण येताना बहिणीच्या बोटांकडे पाही.

एकदा फाटकाशी मिसेस टॅटरसॉलनी विचारलंच, "कोपऱ्यातली ई.एच. तूच, हे गल्लीत कुणाला कळलं असतं गं? स्वतःपुरती गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मग व्हिटलमध्ये न् माझ्यात फरक एवढाच उरला असता," एडना म्हणाली, "की त्याला पगार मिळतो आणि मला पेन्शन."