थर्माकोल घातलेला मासा

थर्माकोल करकरला की मी कानांवर हात ठेवतो. परवा इथे परदेशात, माझ्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये नवा पंखा खोक्यातून काढताना तेच झालं आणि पुलाउ उबीन बेटावरची ती सकाळ आठवली. आमच्या मराठी ग्रुपमधले एक पुणेकर काका, पक्ष्यांचे फोटो काढण्यात मुरलेले, मला समुद्रगरुड दाखवायला घेऊन गेले होते. बोटीतून उतरून, चिखलाचा कुबट वास सहन करत, कॅमेरे सांभाळत आम्ही खाडीकाठी पोचलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. तासभर आभाळ रिकामंच. मग काकांनी पिशवीतून जिवंत मासा काढला आणि त्याच्या तोंडात थर्माकोलचा तुकडा बोटानं आत आत कोंबला. करकर, करकर. "बुडायला नको. वर तरंगला की गरुड हमखास येतो," ते म्हणाले. "अहो काका, जिवंत आहे तो!" "मग? पिंडाला कावळा शिवावा म्हणून आपण ताटकळतोच ना? तसंच समज." आणि बुळबुळीत हात त्यांनी माझ्याच नॅपकिनला पुसले. पाण्यावर तो मासा आडवा होऊन गोल गोल फिरत राहिला. मला ओकारी आली. तेवढ्यात गरुडानं झडप घातली, मासा थर्माकोलसकट उचलला, आणि ओकारी गिळत मी बटण दाबतच राहिलो. त्या माणसाचं तोंड मी पुन्हा पाहिलं नाही. फोटो मात्र हॉलमध्ये लावलाय. पाहुणे म्हणतात, "काय टायमिंग आहे!" मी म्हणतो, "नशीब लागतं हो."