खळ्यातलं लंडन

“तू टेम्सच्या पलीकडे बस,” मास्तर म्हणाले, आणि वर्गातली सगळी हसली.

टेम्स म्हणजे निळीची एक रेघ. मालवणात मास्तरांच्या घरापुढच्या खळ्यात, सारवलेल्या अंगणात, त्यांनी लंडन आखलं होतं. तुळशीजवळ राणीचा राजवाडा. उभं केलेलं मुसळ म्हणजे मोठं घड्याळ. शिंपल्यांचा चौकोन म्हणजे ते जुनं चर्च, जिथे राजांच्या शेजारी कवी पुरलेत. आणि नदी बरोब्बर खळ्याच्या कडेला. पलीकडे वाळू. वाळूत मी.

मी महारवाड्यातली. दीक्षा घेऊन आम्ही बौद्ध झालो होतो, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव. गाव लांब, घाटाच्या पायथ्याशी. शाळा सातवीतच सुटली. दवाखान्यात आया म्हणून मालवणात आले. मुंबईला नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि तिथली मुलाखत इंग्रजीत. मास्तर निवृत्त. मुंबईला निघालेल्यांना इंग्रजी शिकवायचे. मला म्हणाले, “फी नको. दिवाळीआधी खळं करून दे.”

केलं. माती ओतली, भिजवली, चोपण्याने बडवून बडवून सपाट केली. चोपताना माझे पाय खळ्यात चालले. वर शेण फिरलं, की चालेनात.

तरी राग आला नाही. खरं सांगते, उपकारच वाटले. मला वर्गात घेता यावं म्हणूनच मास्तरांनी ती नदी काढली, असं वाटायचं. एखादा शब्द चुकला तर हेही जाईल, म्हणून प्रत्येक शब्द आधी मनात घोकून मगच बोलायचे.

दुकानदाराचा गजा चिडवायचा, “काय गो मडमी, होडी धाडू?”

मीही हसायचे. हसायचे मी!

त्या दिवशी मास्तरांनी सांगितलं, लंडनचे जुने नाटकवाले नदीपलीकडे खेळ करीत, कारण शहरातल्या शहाण्यांना ते वेशीच्या आत नको असत. “आणि आज?” मास्तरांचा आवाज भरून आला. “आज त्यांच्याच नावाने ते शहर ओळखतात!” सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

मग एकेकाने शिंपल्यांच्या चौकोनात जायचं आणि इंग्रजीत म्हणायचं, ‘मी कवींच्या कोपऱ्यात उभा आहे.’ गजा गेला, म्हणाला, परत आला. माझी पाळी आली. मी उठले.

“तू तिथूनच म्हण,” मास्तर म्हणाले.

वाळूत राहून म्हणायचं, मी आत उभी आहे. धडधडीत खोटं. तेही माझ्याच तोंडाने, आणि वर आभार मानून. पाय उचलला. रेघ ओलांडली. शिंपल्यांत जाऊन उभी राहिले आणि वाक्य म्हटलं. मोठ्याने.

“अगो बाय माझे! काल सारवलेलां खळां बाटयल्यान!” मास्तरांची बायको पडवीतून किंचाळली.

मास्तरांनी मान खाली घातली. “माफी माग. शिकायचंय ना तुला?”

“शिकाक व्हया,” मी म्हटलं. “माफी मागूचंय नाय.”

मी राजवाड्यावरून, तुळशीजवळून, खळ्याच्या मधोमध चालत समोरच्या फाटकाने बाहेर पडले.

वर्ग गेला. मुलाखत तोंडावर आलेली. घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण त्या रस्त्यावरच ठरवलं. इंग्रजी शिकेन. चुकत शिकेन, भीत भीत शिकेन, एकटी शिकेन. जिथे मला उभं राहू देत नाहीत, तिथे बसायला जाणार नाही.

कुणी कितीही प्रेमाने बोलावलं, तरी नाही.