मेहुणीच्या विषयातलं शून्य

माझी बायको शिवणकाम करायची. आता ती विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. हे मी गल्लीत सांगतो तेव्हा लोक आधी हसतात, मग माझं तोंड बघून थांबतात.

मी फरशा बसवायचो. गुडघे गेले, काम सुटलं. आता घरी चहा करतो आणि बायको अभ्यास करताना बघतो. तिच्या अभ्यासातलं मला ओ की ठो कळत नाही. पण माणूस काम करतोय की कामाचं सोंग करतोय, ते पाठीवरून कळतं. बायको काम करते.

तिला तिथं कोणी पाठवलं, तर एका दुरुस्तीवाल्याने. दुकानात तिने कंप्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन घेतलं होतं. एकदा ते अडलं. दुरुस्तीवाला आला, त्याने काहीतरी टाइप केलं, मशीन सुरू झालं. हिने विचारलं, "काय केलंत?" तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला नाही कळायचं." तो आपल्या वाटेने गेला. आमचं घर मात्र ढवळून निघालं. विद्यापीठात वय झालेल्यांसाठी काही जागा असतात. हिने अर्ज केला, प्रवेशपरीक्षा दिली, दुकान हाताखालच्या पोरींवर सोडलं आणि एका दमात पास होणार म्हणून गल्लीभर सांगून ठेवलं.

अडचण एकच होती. पहिल्या वर्षाचं प्रोग्रामिंग शिकवते तिची सख्खी धाकटी बहीण. तो विषय सुटल्याशिवाय पुढच्या वर्गात जाता येत नाही.

धाकटी शिकली ती ताईच्या शिवणयंत्राच्या आवाजात. अजूनही फार शांतता असली की तिचं वाचनात लक्ष लागत नाही. स्वभावाने फूटपट्टी. तिच्या विषयाची नियमावली पानंच्या पानं आहे आणि प्रत्येक कलमामागे एक विद्यार्थी आहे. एकाने रिकामी फाइल दिली आणि वेळेत दिली म्हणून गुण मागितले, त्यावरून एक कलम. एकाने उत्तराचा फोटो इतका अंधुक काढला की ते उत्तर आहे की भिंतीची ओल हेच कळेना, त्यावरून दुसरं.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून आवाज आला, "ए धाकटे, खालची ओळ दिसत नाही. जरा मोठं लिही."

रविवारी मेहुणी घरी आली ती भांडायलाच. "ताई, वर्गात मला मॅडम म्हणायचं."

"म्हणेन. तू केस बांधून येत जा. सारखे डोळ्यांवर येतात."

"आणि तुझे पेपर मी तपासणार नाही. दुसरे सर तपासतील. उद्या कोणी बोट दाखवायला नको."

"मी कोणाला बोट दाखवायला जागा ठेवते का?"

"भाऊजी, समजवा हिला."

मी चहा टाकायला आत गेलो. दोन बहिणींच्या मधे बसायला मी काही इतका शूर नाही.

पहिला गृहपाठ बायकोने मुदतीच्या आदल्या दिवशीच संपवला. दिला मात्र मुदत टळल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, छापून, कागदाला इस्त्री फिरवून. का? तर शिवणकामात दिलेल्या दिवशी गिऱ्हाईक येतच नाही, दुसऱ्या दिवशी येतं. आयुष्यभर हेच बघितलेलं. दुसऱ्या सरांनी, ते जाड चष्मेवाले, शून्य दिलं. मी म्हणालो, "बरोबर दिलं. मुदत म्हणजे मुदत. कालवलेलं सिमेंट तुझ्यासाठी थांबत नाही." जेवणाचं ताट माझ्यासमोर जरा जोरात आलं.

तिने त्या शून्याचं फार मनावर घेतलं नाही. सगळ्यांत कमी गुणांचा एक गृहपाठ शेवटी धरायचा नाही, असं नियमावलीतच होतं. "तो हा," ती म्हणाली, आणि पुढच्या कामाला लागली.

पुढचं काम होतं ग्रंथालयाच्या दंडाचं. पुस्तक उशिरा आलं तर दंड किती, ते काढणारा प्रोग्राम लिहायचा. त्यात प्रत्येक रकमेला, तारखेला आपण एक नाव द्यायचं असतं. बायकोने आपल्याला आठवतील ती नावं दिली. दंडाला बाही, मुदतीला काज, एकूण रकमेला अस्तर. ती त्यावर राबली. मी बघितलं आहे. रागाने लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. चालला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "चालला."

आता तिच्या दुकानाची रीत सांगायला हवी. दुकानात भिंतीला एक खिळा आहे. ती नवीन कपड्याची कागदी कटिंग करते आणि त्या खिळ्याला अडकवते. कोणत्याही पोरीने घ्यावी, कापड ठेवावं, कापावं, शिवावं. विचारायचंही नाही. कटिंग लपवून ठेवणाऱ्या शिंप्याला ती कद्रू म्हणते.

मागच्या बाकावरच्या तिघांनी विचारलं, "मावशी, कसं काय जमवलंत?" हिने अख्खा प्रोग्राम लॅबमध्ये सगळ्यांना दिसणाऱ्या जागी ठेवून दिला. "घ्या. कटिंग अडकवली आहे. शिवा आपापलं."

त्यांनी शिवलं नाही. वरचं तिचं नाव काढलं, आपलं घातलं आणि देऊन टाकलं.

चष्मेवाल्या सरांनी चौघांनाही बोलावलं. नियम असा की देणारा आणि घेणारा एकाच मापाने मोजायचे. मी सोबत गेलो आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दार उघडं होतं. व्हरांड्यातल्या फरशा एका अंगाला उतरलेल्या होत्या, पण ते माझं काम नव्हतं. आत धाकटी कोपऱ्यात खुर्चीवर गप्प होती. बहिणीचं प्रकरण म्हणून तिने बोलायचं नाही असं ठरलं होतं.

सरांनी पहिल्याला विचारलं, "ग्रंथालयाच्या दंडात बाही कशासाठी?"

"सर, ती लांब-आखूड होते."

"बरं. आणि काज?"

"त्यात तारीख अडकते, सर."

सरांनी चष्मा पुसला. "उत्तर वाईट नाही. अस्तर?"

"ते आतून असतं, सर. दिसत नाही."

दुसऱ्याकडे वळून ते म्हणाले, "तुझ्याकडे काजाच्या जागी बटण आहे."

"मी स्वतः केलंय, सर. म्हणून वेगळं."

"खाली पुन्हा काज आहे."

"ते बदलायचं राहिलं, सर."

इथे बायकोचा संयम सुटला. "अरे, सगळीकडे तरी बदलायचं. एका बाहीचा कोट घालून आलात होय?"

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही त्यांच्या बाजूने आहात की आमच्या?"

"मी नुसती कटिंग दिली."

ठरलेलं मोडून धाकटी बोलली. "ताई, पोरीला कटिंग दिलीस तरी कापड तिलाच कापावं लागतं. शिवण तिलाच घालावी लागते. तिथं हात शिकतो. इथं शिवायला काही उरतच नाही. तू अख्खा कपडाच कापून, शिवून, इस्त्री करून खिळ्याला लावलास."

बायकोने तिसऱ्याकडे बघितलं. "खरं का रे? तुला काहीच करावं लागलं नाही?"

"नाव खोडावं लागलं, मावशी."

बायको गप्प झाली. तशी गप्प झालेली मी तिला पूर्वी एकदाच बघितलं होतं, शाळेच्या गणवेशांचा अख्खा गठ्ठा उलट्या कापडावर कापला गेला तेव्हा.

चौघांनाही शून्य मिळालं.

खरा गोंधळ पुढे झाला. त्या तिघांनी नियमावली पहिल्यांदाच नीट वाचली. सगळ्यांत कमी गुणांचा एक गृहपाठ धरायचा नाही. नकलेचं शून्य त्याला अपवाद, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिघांची शून्यं गळाली. बायकोची दोन होती. एक गळालं, दुसरं राहिलं.

रविवारी मेहुणी आली ती नियमावली हातात घेऊन.

"ज्यांनी काही केलं नाही त्यांचं शून्य सुटतं," बायको म्हणाली, "आणि जिने केलं तिचं राहतं. छान शिकलीस."

"भोक राहिलं, ताई."

"मग बुजव."

"पुढच्या वर्षी. खेळ चालू असताना रेघ हलवता येत नाही."

"त्यांच्यासाठी हलवू नकोस. माझ्यासाठी जरा सरकव."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. तिला मी हो म्हणायला हवं होतं, की नको म्हणायला, ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, "रेघ आहे तिथं राहू दे." त्या दिवशी दोघीही माझ्याशी बोलल्या नाहीत. निदान एका बाबतीत तरी त्यांचं एकमत झालं.

बायकोला आता लेखी परीक्षेत बरेच गुण हवे होते. तिने बाहेरच्या खोलीत जमिनीवर कटिंगचा कागद अंथरला आणि खडूने त्यावर प्रोग्राम लिहू लागली. मी भिंतीकडेने चालायचो. पाय पडला तर ओळ पुसायची आणि मला नवीन ओळ ऐकायला मिळायची.

निकाल लागला. पास व्हायला एक गुण कमी पडला. नियमावलीत कमी पडलेला गुण चिकटवून द्यायची सोय नाही. तेही एक कलम आहे. चष्मेवाल्या सरांना वाईट वाटलं. कुठे अर्धा-पाव गुण सुटला आहे का म्हणून त्यांनी पेपर पुन्हा तपासला. "दुसऱ्यांदा आणखी कमी भरले," ते मला म्हणाले, "म्हणून पहिलेच ठेवले." तिघांतला नाव खोडणारा तेवढा पास झाला. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. लेखी परीक्षेत त्याचं त्यानेच लिहिलं होतं.

संध्याकाळी मेहुणी आली आणि दारातच उभी राहिली.

"ताई, तू..."

"माहीत आहे. फलकावर वाचलं. आत ये."

धाकटी खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. बायकोने तिला पाणी दिलं. "नापास मी झाले. तू कशाला रडतेस?"

"गल्लीत काय सांगशील?"

"सांगेन, मास्तरीण कडक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बसते. गृहपाठ तर तयारच आहेत."

धाकटीने डोळे पुसले. घसा साफ केला. मला पुढचं दिसत होतं.

"ते नाही चालणार, ताई. आपलंच जुनं काम नवीन म्हणून देणं हीपण नक्कल धरतात."

"माझंच काम?"

"हो."

"म्हणजे स्वतःच्या कपाटातून घेतलं तरी चोरी?"

"कलम आहे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी तोंड उघडलं नाही. ती उठली, तिने कंप्युटर सुरू केला, सगळे जुने गृहपाठ एकेक करून पुसले आणि कोऱ्या पानावर पहिल्यापासून लिहायला घेतलं. धाकटी खुर्ची ओढून तिच्या मागे बसली. थोड्या वेळाने पुढे वाकली.

"ताई, तिथं तिसऱ्या ओळीत..."

"गप," बायको म्हणाली. "कोणाची मदत घेतली ते खाली लिहून द्यावं लागतं. कलम आहे."

धाकटी तोंडावर हात ठेवून बसून राहिली. तिसरी ओळ चुकलेली असावी. बायकोला ती सापडेपर्यंत चहा गार झाला.