भाटव्यांनी मास्तरांना घातलेलं श्रुतलेखन

आमचे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान, कोणाच्याही घरात शिरले की आधी एक टाळी वाजवायचे. नमस्कार-चमत्कार नंतर. टाळी वाजवून मान तिरपी करायची आणि निकाल द्यायचा, "खोली लई घुमते. सतरंजी टाका." पांढुर्ण्यात त्यांचं अॅम्प्लिफायर-स्पीकर दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. गावातले निम्मे लोक त्यांना हुशार समजत, निम्मे चक्रम. मी दोन्ही समजायचो. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं, आणि कुठल्याही रिकाम्या खोलीत गेलो की मला त्यांची आठवण येते.

गिऱ्हाईक अॅम्प्लिफायर मागायला आलं की ते विचारायचे, "घरी स्पीकर कोणते? किती ओहमचे?" माहीत नसलं तर विक्री बंद. "ओहम कमी, तर स्पीकर जास्त करंट ओढते. अॅम्प दमला की बोंबलत मलेच शोधाल." मोहगावच्या एका संत्रेवाल्याला त्यांनी असंच परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच स्कूटर काढून त्याचे स्पीकर बघायला गेले. असा माणूस धंदा काय करणार!

बाबांना मात्र ते कधी पटले नाहीत. बाबा सौंसरचे निवृत्त मास्तर. ताईनं आपल्या पसंतीनं एका मेकॅनिकशी लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी जावयाशी थेट बोलणंच टाकलं. "पाहुण्यांना विचार, चहा घेतात का," असं ते भाटव्यांच्या देखत मला सांगायचे. भाटवेही मलाच उत्तर द्यायचे. अकरा वर्षं मी त्या दोघांचा दुभाष्या होतो.

मग बाबांना ऐकू येईनासं झालं. कानाला यंत्र लावायला साफ नकार. टीव्हीवरच्या बातम्या कळेनात, चिडचिड वाढली, आणि पुढे तर ते खोलीत भिंतीकडे बघत नुसते गप्प बसू लागले. माणूस डोळ्यांदेखत आपल्यातून उठून चाललाय, अशी मला भीती वाटायची. मी नागपूरहून डब्यावर भलेमोठे वॅट छापलेला अॅम्प्लिफायर आणला आणि टीव्हीला आणि घरातल्या जुन्या दोन स्पीकरांना जोडला. नाकापेक्षा मोती जड. घर हादरलं, पण बाबांना शब्द काही कळेनात.

भाटवे रविवारी आले. टाळी झाली. मग त्यांनी अॅम्प्लिफायरवर हात ठेवला आणि झटकन उचलला. "भाऊ, हा आठ ओहमचा. स्पीकर चारचे, अन् दोन्ही एकाच तारेवर. हा तर शिजून राहिला. अन् मास्तरले आवाज नाही, शब्द पाहिजे." त्यांनी आपला हातानं जुळवलेला छोटा अॅम्प लावला, चार ओहम पेलणारा, दोन्ही स्पीकरांना वेगवेगळ्या तारा दिल्या, आणि ते माळ्यावरून उतरवून कानाच्या उंचीला आणले.

पण शब्द पोचतात की नाही, हे कळणार कसं? बाबा कबूल करणाऱ्यातले नव्हते. भाटव्यांनी ताईकडून वर्तमानपत्र वाचून घेऊन ते फोनमध्ये भरून आणलं होतं. माझ्या हातात वही देऊन म्हणाले, "मास्तरले सांगा, श्रुतलेखन आहे." बाबा आधी भडकले. पण समोर श्रुतलेखन चालू असताना कोरी वही त्यांना बघवेना. पहिल्या दिवशी अर्धं पान रिकामं राहिलं. न कळलेल्या प्रत्येक शब्दाच्या जागी त्यांनी नीट रेघ ओढली होती. भाटव्यांनी रेघा मोजल्या. पुढच्या रविवारी स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे घेतले, नंतर घुमणारा जाड आवाज कमी केला. रेघा नऊवर आल्या, मग चारवर, मग दोनवर.

पाचव्या रविवारी फोनमधला आवाज ताईचा नव्हता. भाटव्यांचा होता. "मास्तर, मी मेकॅनिकच आहो. तुमची पोरगी माह्याकडं सुखात आहे. एकदा घरी या." भाटवे खाली मान घालून वायर गुंडाळत बसले होते. बाबांनी लिहिणं संपवलं आणि वही माझ्याकडे न देता सरळ त्यांच्यापुढे धरली.

एकही रेघ नव्हती. भाटव्यांनी बोटानं ओळी मोजल्या. "भाऊ, मी तर तीनच वाक्यं बोललो."

चौथं बाबांचं होतं. 'जावईबापू, आज मुक्काम करा.'

भाटव्यांनी ते दोनदा वाचलं आणि ताईला फोन लावला. "उद्या येतो," ते म्हणाले. "बाबा जाऊच देऊन नाही राहिले."