तळीतली गोळी

अणदूरच्या सिताबाईच्या हाताला भारी चव; पण आता तिच्या आमटीत मीठ शोधावं लागतं. पाहुणे तोंड वाकडं करतात, म्हातारी काही बधत नाही. नवरा महारुद्र चाळिशीतच छातीत कळ येऊन शेताच्या बांधावरच गेला. थोरला रामहरी, त्याला बीपी होतं, तोही तसाच गेला. मग धाकट्या मल्हारला तिनं स्वतः सोलापूरला नेऊन दाखवलं.

"याचंही बीपी वाढलंय. हे दुखणं तुमच्या घराण्यातच आहे, आजी. पण जपलं तर माणूस म्हातारा होतो," डॉक्टर म्हणाले.

तेवढं बोलणं पदरात बांधून सिताबाई घरी आली. लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली, मल्हारची तंबाखूची डबी उकिरड्यावर भिरकावली. मल्हारही गुणाचा. रोज पहाटे चालायचा, न चुकता गोळी घ्यायचा. पण मार्गशीर्षात खंडोबाचे घट बसले आणि त्यानं गोळ्यांचं पाकीट फळीवर ठेवून दिलं.

"घट उठंपर्यंत पाण्याबिगर तोंडात काय घालायचं न्हाय, माय. तूच तर शिकवलंस."

खरंच होतं ते. दोन्ही पोरांना कडक उपास तिनंच शिकवला होता. रामहरीनंही असेच घट बसल्यावर गोळ्या बंद केल्या होत्या, आणि ती चंपाषष्ठी काही त्याला दिसली नाही. म्हातारीनं मल्हारला ते आठवून दिलं.

"दादाची येळ भरली व्हती," मल्हार म्हणाला. त्याची बायको समृद्धी रडली, रुसली. पठ्ठ्या हलला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, देवाचा वार. तळी उचलायला भावकीतले गडी जमले. सिताबाईनं ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा मांडला आणि कुणाला न विचारता भंडाऱ्यावर मल्हारची गोळी ठेवली. गडी एकमेकांकडं बघू लागले.

"बघता काय? उचला की!" ती डाफरली.

येळकोटाच्या गजरात तळी वर गेली, खाली आली. तळीतला प्रसाद उपासकऱ्यालाही नाकारता येत नाही, हे मल्हारला कुणी सांगायला नको होतं. सिताबाईनं गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"देवाला म्या दोन दिलेत, मल्हार. तिसरा न्हाय देणार."

मल्हारनं मान खाली घातली. गोळी कपाळाला लावली आणि पाण्याबरोबर गिळली.

"कडू लागली का रं?"

"न्हाय, माय. हळदीची लागली."

सिताबाईनं डोळे पुसले आणि उद्याची गोळी आत्ताच भंडाऱ्याच्या वाटीत ठेवून दिली.